गळ आणि कळशी

१२ नोव्हेंबर २०२५
उद्यमनगर, कोल्हापूर

तबकडी सहाव्यांदा निसटली, आणि या वेळी थेट आमच्या लेथवरच्या अमरसिंहाच्या चहावर गेली. कप फुटला. चहा लादीवर पसरला. "ताई, ही पळतीय की! धरायच्या आधीच पळतीय," असं म्हणून अमरसिंह तुकडे वेचायला खाली बसला आणि मी आत येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

अण्णा, जय जिनेंद्र.

फोन करत नाही. माझं नाव दिसलं की तुम्ही फोन उशीखाली सारता, असं वहिनी सांगतात. पण पोस्टमन दारात आला तर त्याला चहा पाजल्याशिवाय तुम्ही सोडत नाही. त्याच्यासमोर बहिणीचं पत्र फाडणं तुम्हाला जमणार नाही. म्हणून पत्र.

काम आहे.

बेंगळुरूची एक कंपनी छोटा उपग्रह तयार करते आहे. त्यानं वर जायचं, पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेल्या एका रॉकेटचा रिकामा टप्पा पकडायचा आणि त्याला खाली आणायचं. येता येता तो टप्पा हवेत जळून जाईल. वर असा पुष्कळ कचरा फिरतो आहे. त्याला कोणी हाकत नाही आणि थांबवताही येत नाही. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर ते गडहिंग्लज नऊ सेकंदांत. तुमच्या एसटीला दोन तास लागतात, तेही निपाणीत कंडक्टर चहाला उतरला नाही तर. वर फिरणारे असे दोन टप्पे एकमेकांवर आदळले की हजारो तुकडे होतात, आणि ते पुन्हा तसेच पळत राहतात. चालू उपग्रहांना त्यांच्या वाटेतून बाजूला व्हावं लागतं. तुम्ही ज्याच्या भरवशावर शेंगा वाळत घालता, तो पावसाचा अंदाज सांगणारा उपग्रहही त्यांच्यातच आहे.

हा टप्पा धरायचा पंजा आपल्या कारखान्यात होतो आहे. तीन बोटांचा आहे. टप्प्याच्या बुडाला एक कडं असतं, ते धरायचं.

वर त्या टप्प्याला कशाचाच टेका नाही. म्हणून आम्ही चाचणीसाठी एक सोय केली आहे. बस्तीच्या देवळातल्या नव्या फरशीतली एक मोठी लादी उरली होती, ती अमरसिंहानं पाणसळ लावून सपाट बसवली. तिच्यावर एक लोखंडी तबकडी ठेवली. तबकडीच्या खालून हवा सुटते, त्यामुळे ती केसभर वर राहते. कॅरमच्या सोंगटीसारखी सरकते, फक्त थांबत नाही. तिच्यावर कडं बसवलं आहे. पंजा कड्याकडे जातो, एक बोट आधी टेकतं, आणि तेवढ्यानंच तबकडी पळते. सहा वेळा हेच झालं.

कंपनीच्या इंजिनिअर बाई आहेत, प्रियदर्शनी. मूळच्या सांगलीच्या. मला काकू म्हणतात. त्या म्हणाल्या, "काकू, धरताना ढकलायचं नाही, एवढंच जमवायचं आहे." एवढंच.

अकरा डिसेंबरला त्यांची माणसं शेवटची चाचणी बघायला येणार. जमलं तर पुढचे सगळे पंजे आपल्याकडे. नाही जमलं तर काम कोइमतूरला जाईल आणि आम्ही पंपांकडे परत. पंपांविषयी माझी तक्रार नाही. हे गेल्यापासून बारा वर्षं पंपाच्या भागांवर हा कारखाना चालला. पण पंप मी आता डोळे मिटून करते, आणि मला दोन वर्षांनी साठ लागतील.

तुम्ही आपल्या गावच्या सगळ्या विहिरींतून घागरी काढायचात. अर्धी भरलेली, पाण्यात नुसती तरंगणारी घागर. बाकीच्यांचा गळ लागला की ती डुचमळून पलीकडे जायची आणि बुडायची. तुमच्या गळाला ती गुपचूप यायची. मी आठ वर्षांची होते. काठावर पालथी पडून बघत होते, पण घागरीकडे बघत होते. तुमच्या हाताकडे बघितलं नाही.

हात काय करायचा, ते सांगा. दोन ओळी लिहा. नाही लिहिल्या तर वहिनींजवळ बोला.

हे पत्र गळाविषयी नाही. तुमची कळशी माझ्याकडे फळीवर नीट आहे. त्याविषयीही नाही.

राजमती


२१ नोव्हेंबर

अण्णा,

रविवारी वहिनींचा फोन आला. तुम्ही म्हणाल, मी घरात नव्हतोच. म्हणून जे ऐकलं ते लिहून ठेवते.

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, बरं हाय न्हवं?" मागून कोणीतरी म्हणालं, "पत्र पोचलं म्हणून सांग. दुसरं काय सांगू नगंस." वहिनी म्हणाल्या, "पत्र पोचलं." मी म्हटलं, "मग?" मागचा आवाज म्हणाला, "मग काय मग? घागर दिसली की तिच्याकडं जायाचंच न्हाय. हे काय सांगायला पायजे व्हय?"

वहिनी म्हणाल्या, "घागर दिसली की —"

"ऐकलं," मी म्हटलं. "पुढं?"

"पुढं म्हणत्यात."

"बाजूनं खाली जायाचं. तिला शिवायचं न्हाय. खाली जाऊन गप थांबायचं. पाणी निवळलं की मग वर घ्यायचं, सावकाश. तिला कळायच्या आत ती गळात असती. आन् तिला सांग, मी काय बोललो न्हाय."

वहिनी म्हणाल्या, "हे काय बोलले न्हाईत, वन्सं."

"मला काहीच ऐकू आलं नाही," मी म्हटलं. वहिनी हसल्या. तुम्ही खोकलात. तो खोकला मी ओळखते. सहा वर्षांत बदललेला नाही.

सोमवारी प्रियदर्शनीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कुणी सुचवलं?" मी म्हटलं, "आमच्याकडे एक सल्लागार आहेत. विहिरीचे." तिनं पंज्याची चाल बदलून पाठवली. आता तिन्ही बोटं उघडी ठेवून पंजा कड्याच्या बाजूनं पुढं जातो, कुठंही न टेकता. कडं तिन्ही बोटांच्या मध्ये आलं की थांबतो. मग बोटं एकदम आणि हळू मिटतात. तबकडीला पळायचं असतं, पण पळणार कुठं? सगळीकडे बोटच.

पहिल्या खेपेला धरली. मग सलग अकरा वेळा. अमरसिंह लादीभोवती आडवा हात करून फिरला, आखाड्यात फिरतात तसा. म्हणाला, "ताई, आण्णास्नी म्हणावं, एक डाव शिकवला, बाकीचं बी शिकवा."

बाकीचं आहेच. धरलेलं सोडता आलं पाहिजे.

वरचा टप्पा नुसता जात नाही, गरगर फिरतही असतो. किती फिरतो याचा अंदाज असतो, पण अंदाज चुकू शकतो. त्यानं ठरल्यापेक्षा जास्त हिसका दिला तर पंज्यानं आपोआप उघडायचं. नाहीतर तो टप्पा उपग्रहालाच गुंडाळून घेईल, आणि मग दोघंही तसेच फिरत राहतील. प्रियदर्शनीला सगळ्यात जास्त भीती याचीच आहे. ती म्हणाली, "काकू, कचरा काढायला गेलेलंच कचरा झालं, तर आम्ही लोकांना तोंड दाखवणार नाही."

हिसक्याची चाचणी बुधवारी केली. तबकडीला दोरी गुंडाळून वजन सोडलं. तबकडी फिरायला लागली. पंजा उघडला नाही. वजन वाढवलं. पंजा उघडला नाही. पंज्याचा हात पिळवटला आणि सगळं स्टँड वीतभर फरफटत गेलं. अमरसिंहानं मध्ये पाय घातला. पायाला काही झालं नाही, चप्पल गेली.

प्रियदर्शनीला वाटतं, आतली स्प्रिंग कमी पडते. ती स्प्रिंगचं गणित परत करते आहे. मीही स्प्रिंगच तपासते आहे.

शेंगांची पिशवी कंडक्टरकडून मिळाली. कुणी पाठवली ते त्याला सांगता आलं नाही. म्हणाला, "एक म्हातारं हुतं, लई तापट." ओळख पटली नाही असं मी त्याला सांगितलं.

राजमती


३० नोव्हेंबर

अण्णा,

स्प्रिंग बदलली. पंजा उघडला नाही. दुसरी बदलली. नाही. अकरा दिवस राहिले.

आज रविवार. कारखाना बंद आहे. मी एकटीच येऊन बसले आहे आणि कळशी घासते आहे. तुमची म्हणून दर दिवाळीला चिंचेनं घासतेच, या दिवाळीला राहून गेली होती.

आदितीच्या लग्नात मी जे बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं. मांडवात व्याही बसले होते. तुम्ही त्यांना पानसुपारी देत होता. मी म्हटलं, "अण्णा, पोटची पोरगी देताय, माझा गळ तेवढा देत नाही." सगळे हसले. व्याही सगळ्यात मोठ्यानं हसले. तुम्ही ताट माझ्या हातात दिलंत आणि बाहेर गेलात. मला वाटलं, मंडपवाल्याला काही सांगायला गेलात.

आईच्या मागं सगळ्यांनी काय काय घेतलं. मी फक्त गळ मागितला. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "घे, शहरात विहिरी लई हायत न्हवं?" पाच वर्षांनी तोच गळ न्यायला तुम्हाला कोल्हापूरला यावं लागलं. मग मी आईचा नियम लावला. गळ नेणाऱ्यानं एक भांडं ठेवून जायचं. गावचा पाटील असो नाहीतर पोटचा मुलगा. आई म्हणायची, गळ गेला की विसरतो, भांडं गेलं की आठवतं. तुम्ही एसटी स्टँडवर ठेवलेली पिशवी घेऊन आलात आणि तिच्यातून ही कळशी काढलीत. नवी होती. वहिनींसाठी घेतली होती, हे मला नंतर कळलं.

चेष्टाच होती, अण्णा. दोन्ही वेळी. पण मांडवात तुमच्या तोंडाकडे बघायला पाहिजे होतं. मी व्याह्यांच्या तोंडाकडे बघत होते.

दर वर्षी क्षमावाणीला तुमचं कार्ड येतं. छापील, "उत्तम क्षमा". सगळ्या नातेवाइकांना जातं तेच. त्यावर पत्ता वहिनींच्या अक्षरात असतो आणि सही नसते. सहा कार्डं आहेत. मी ती कळशीत ठेवते.

गळ हरवला असेल तर हरवला. तो मला नको आहे. विचारायचं एवढंच होतं की सहा वर्षं त्याच्यासाठी घालवलीत की मी हसले म्हणून.

कामाबद्दल अजून एक गोष्ट लिहायची होती. ती आज लिहीत नाही.

राजमती


५ डिसेंबर

अण्णा,

कार्ड आलं. या वर्षीच्या गठ्ठ्यातलं उरलेलं. वर छापलेलं "उत्तम क्षमा", आणि खाली, पहिल्यांदाच, तुमचं अक्षर. पेन दाबून लिहिता म्हणून मागून हाताला लागतं. सगळं इथं उतरवून घेते, कारण ते कळशीत जाईल आणि मला पुन्हा पुन्हा काढावं लागेल.

"गळ विहिरीत हाय. बादली काढताना पायरीच्या दगडात अडकला. आई दोर गळाच्या बुडाला बांधायची आणि तोच दोर वर कड्याला नुस्त्या सुतळीनं अडकवायची. मला ते कच्चं वाटलं. मी सुतळी काढून तार बांधली. पक्कं केलं. अडकल्यावर वडला. दोघांनी वडला. दोर तुटला. जो गळ सगळ्या गावाचं काढायचा तो माझ्या हातनं विहिरीत गेला, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू. कळशी ठेव."

मी कार्ड तीन वेळा वाचलं. मग हसले. अमरसिंह आत आला आणि दारातच थांबला, कारण मी रडतही होते.

आईची सुतळी मला माहीत होती, अण्णा. गळ अडकला की आई एक झटका द्यायची. सुतळी तुटायची. मग ओढ वरच्या कड्याऐवजी बुडाकडून लागायची, गळ उलटा व्हायचा आणि ज्या वाटेनं दगडात गेला त्याच वाटेनं परत यायचा. मग आई नवी सुतळी बांधायची. प्रत्येक वेळी नवी. मी तिला सुतळी तोडून द्यायची. पन्नास वर्षांपूर्वी दातानं तोडून दिलेली सुतळी, आणि मी काय केलं ते ऐका.

पंज्याच्या आत एक पिन आहे. ड्रॉइंगमध्ये ती दोन मिलिमीटरची, मध्ये खाच पाडलेली, मऊ धातूची. सगळा पंजा त्या काडीवर मिटून राहतो. मला वाटलं, कुणा पोराचा हात चुकला. इतक्या मोठ्या कामात इतकी फडतूस पिन? आमच्या हातून असली वस्तू गेली तर उद्यमनगरात नाव राहणार नाही. मी ती सहा मिलिमीटरची केली. चांगल्या पोलादाची. खाच काढून टाकली. पाणी देऊन कडक केली. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलं असं वाटलंच नाही. पक्कं केलं.

पंजा पहिल्यांदा उघडला नाही, त्या बुधवारी मला शंका आली. प्रियदर्शनी फोनवर स्प्रिंगचे आकडे सांगत होती आणि माझं बोट पिनेवर होतं. मी बोलले नाही. दुसरी स्प्रिंग आली, तेव्हाही बोलले नाही. मागच्या पत्रात जे लिहीत नाही म्हटलं ते हेच. सोळा दिवस झाले. तुमची सहा वर्षं कशी गेली असतील ते मला आता कळलं. पहिल्या दिवशी सांगायचं राहतं, आणि मग रोज आदल्या दिवसाचंही सांगावं लागतं.

या धंद्यात न विचारता एक केसही बदलायचा नसतो. अशा कारणावरून काम काढून घेतात, आणि ते बरोबर असतं. तरी आता फोन करते. थांबा.

केला.

मी सगळं सांगितलं. पलीकडे ड्रॉइंग उलगडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काकू, ती पिन तुटायलाच केली होती."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आज कळलं."

"आज कसं कळलं?"

"आमच्या सल्लागारांचं पत्र आलं."

ती हसली नाही. म्हणाली, "हे मला वर कळवावं लागेल. ते काय ठरवतील ते मी सांगू शकत नाही. तुम्ही नवी पिन करा. ड्रॉइंगप्रमाणे. काकू, ड्रॉइंगप्रमाणे."

अमरसिंहाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आपुन कोल्हापूरची माणसं. आपल्याला मोडणारं काय करायला जमतंय व्हय?" आणि एप्रन घालून लेथवर उभा राहिला.

या पत्राबरोबर कंडक्टरकडे एक पोतं देते आहे. त्यात नवा गळ आहे. आज संध्याकाळी आम्ही दोघांनी केला, सहा आकड्यांचा. बुडाला दोर बांधायची जागा आहे, वर कडं आहे. सुतळीचं बंडल वेगळं ठेवलं आहे. तार पाठवलेली नाही आणि तुम्ही विकत आणू नका.

भांडं ठेवायची गरज नाही. तुमचं आधीच आहे.

राजमती


११ डिसेंबर

अण्णा,

सहा दिवस लिहायला उसंत नव्हती.

सहा तारखेला बेंगळुरूहून उत्तर आलं. काम काढून घेतलं नव्हतं, ठेवलंही नव्हतं. पंज्याचा प्रत्येक भाग खोलायचा, मोजायचा, माप लिहायचं, आणि चाचणी ठरल्या दिवशीच. एकशे चौदा भाग निघाले. अमरसिंह मापं सांगत होता आणि मी लिहीत होते. त्याला अजून एक जागा सापडली, जिथं त्यानं स्वतः अर्धा मिलिमीटर "जरा जाड" ठेवला होता. मला म्हणाला, "ताई, शिव्या द्या." मी कोणत्या तोंडानं देणार?

पिना वीस केल्या. दहा तोडून बघितल्या. पहिली तोडताना मी दोनदा वजन काढून ठेवलं, अण्णा. इतकी सफाईची वस्तू करायची आणि मोडायची. पण सातव्या पिनेनंतर मजा यायला लागली. सगळ्या एकाच वजनाला तुटत होत्या. तोडण्यातही इतकी सफाई लागते हे मला माहीत नव्हतं.

आज प्रियदर्शनी आणि तिचे दोन साहेब आले. एकानं लादी बघून विचारलं, "ही कुठून मागवली?" अमरसिंह म्हणाला, "देवळातनं." साहेबांनी ते लिहून घेतलं.

धरण्याची चाचणी वीस वेळा झाली. विसाच्या वीस वेळा धरली. मग हिसका. दोरी गुंडाळली, वजन सोडलं. तबकडी फिरायला लागली. वजन वाढवलं. हात थोडा पिळला. मी स्टँडकडे बघितलं नाही, तबकडीकडेही नाही. या खेपेला प्रियदर्शनीच्या तोंडाकडे बघत होते.

टक् असा आवाज झाला. चणा फुटतो तेवढा.

तिन्ही बोटं उघडली. तबकडी फिरत फिरत लादीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. पंजा आपल्या जागी, रिकामा आणि धड.

साहेबांनी विचारलं, "परत?" नवी पिन घातली. परत टक्. पाच वेळा. पाचव्या वेळी अमरसिंहानं चहाचा कप आधीच उचलून धरला होता.

मोठे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, त्या पिनेचं तुम्ही लपवलं असतंत तर आज काय झालं असतं?" मी म्हटलं, "लपवलंच होतं. सोळा दिवस." ते म्हणाले, "सतराव्या दिवशी सांगितलंत, म्हणून मी आलो. पुन्हा असं केलंत तर येणार नाही." मग एका कागदावर सही करून तो माझ्या हातात दिला. पुढचे चार पंजे आपल्याकडे. खाली एक अट हातानं लिहिली आहे: ड्रॉइंगपेक्षा पक्कं काहीही करू नये. अमरसिंह तो कागद फ्रेम करून भिंतीला लावायचं म्हणतो आहे.

साडेपाचला सगळ्यांना जेवायला बसवलं. साहेब म्हणाले, "इतक्या लवकर?" प्रियदर्शनी म्हणाली, "सर, काकूंकडे सूर्य बुडायच्या आत जेवतात. अंधार झाला की ताट मिळत नाही." त्यांनी तीन-तीन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना प्रियदर्शनीनं विचारलं, "ते विहिरीचे सल्लागार कुठं असतात? मला भेटायचं आहे." मी म्हटलं, "ते कोणाशी बोलत नाहीत. पण कार्ड टाकतात."

तिला मी सुतळीचं सगळं सांगितलं. ती मोटारीत बसलेली पुन्हा उतरली आणि म्हणाली, "काकू, आम्हाला ही पिन सुचायला दोन वर्षं लागली."

पंजा अजून दोन वर्षांनी वर जाईल म्हणतात. तेव्हा तुम्ही चौऱ्याहत्तरचे असाल. मी साठची. तो टप्पा धरला तर टीव्हीवर दाखवतील. धरून सुटला तरी मला चालेल. नीट सुटला पाहिजे.

विहिरीतल्या जुन्या गळाचं काय झालं ते कळवा. विहिरीला आत्ता पाणी वर असेल. घाई करू नका. उन्हाळ्यात मी येते, दोघं मिळून काढू.

पत्र उद्या सकाळी टाकते.

राजमती


१२ डिसेंबर

पत्र टाकायला निघाले तेव्हा साडेआठ वाजले होते आणि तुम्ही फाटकात उभे होता. हातात पोतं होतं. त्यातून पाणी ठिबकत होतं. अमरसिंहाला म्हणालात, "पावणं, जरा धरा." त्यानं धरलं. आत दोन गळ होते. जुना गंजून तांबडा झाला होता, दोन आकडे गेले होते. नव्याची सुतळी तुटलेली होती.

"कितव्या खेपेला?" मी विचारलं.

"सतराव्या. सुतळ्या चार गेल्या." मग म्हणालात, "तुझा पंजा?"

"उघडला."

चहा घेतलात. लादीवर तबकडी तीन वेळा सरकवून बघितलीत. जुना गळ माझ्या टेबलावर ठेवलात. नवा परत पोत्यात घातलात. मी फळीवरची कळशी काढली, आतली कार्डं बाजूला केली, पदरानं पुसून तुमच्यापुढं केली. तुम्ही ती हातात घेतलीत, कार्डं परत आत टाकलीत, आणि कळशी होती तिथं ठेवलीत.

"नवा न्यायलोय की मी," म्हणालात.

तुम्हाला साडेदहाची गाडी मिळाली.